दोष क्रमांक सात

परग्रहावरच्या सहा पायांच्या, हिरवी लाळ गाळणाऱ्या राक्षसाला "थांब! कोन हाय तिकडं?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. राक्षस थांबायचा नाही. आपण कोण हेही सांगायचा नाही. तो सरळ यायचा आणि आप्पांना खाऊन टाकायचा. मग आप्पा खुर्चीत मागे रेलून चष्मा पुसायचे, "ह्येला शिस्त न्हाई" म्हणायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायचे. राक्षस पुन्हा त्याच कोपऱ्यावरून यायचा आणि आप्पा त्याला पुन्हा तोच प्रश्न विचारायचे.

आप्पा म्हणजे सुभेदार मारुतराव पिसाळ, निवृत्त. साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मी सांगलीची, विश्रामबागेतली. लग्न होऊन साताऱ्याला आले आणि दोन वर्षांत घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास काढला. तेव्हा, म्हणजे नव्वदचं दशक संपत आलेलं असताना, दारावर 'कॉम्प्युटर' असा शब्द रंगवला की लोक आपोआप आत यायचे. तीन यंत्रं, तिन्हींवर प्लास्टिकची झाकणं, आणि कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही म्हणून चपला बाहेर. हा नियम मी कुठून उचलला होता देव जाणे, पण तेव्हा गावोगावच्या सगळ्या क्लासांत तो होता आणि देवळापेक्षा कडक पाळला जायचा.

आप्पा पहिल्यांदा आमच्याकडे आले ते याच चपलांमुळे. माझे विद्यार्थी पायऱ्यांवर चपला कशाही भिरकावून आत शिरत. आप्पांना ते बघवेना. एके दिवशी मी दार उघडून बघते, तर बावीस जोड दोन रांगांत, टाचा भिंतीला लावून उभे. शेवटी आप्पा, कमरेवर हात ठेवून.

"मास्तरीणबाय, एक जोड डाव्या पायाचे दोनी हायत. कुनीतरी उजव्या पायाचे दोन घालून घरी गेलंय. चौकशी करा."

चौकशी केली. खरंच गेलं होतं.

आप्पांचं सगळं आयुष्य दोन वाक्यांवर चालत असे. एक, "नियमात बसत न्हाई." दुसरं, "सही कुटाय?" त्यांच्याकडे बांबूची एक शिडी होती आणि गल्लीत तेवढी एकच शिडी होती. ती हवी असेल तर दाराला दोरीनं बांधलेल्या वहीत नाव, कारण आणि परतीची वेळ लिहून सही करावी लागे. मी एकदा कारण लिहिलं, 'कोळिष्टकं काढणे'. आप्पांनी विचारलं, "किती?" काकू गेल्यापासून ते स्वयंपाक स्वतः करत आणि त्यांचं दही गल्लीत नावाजलेलं होतं. पण विरजण मागायला गेलं की वाटीबरोबर वही पुढे येई. विरजण, अर्धी वाटी, परत करण्याच्या अटीवर. दुसऱ्या दिवशी वाटी परत नेली की आप्पा ती तिरकी करून बघत. "दिलं तवा घट्ट हुतं," असं म्हणून शेऱ्याच्या रकान्यात 'पातळ' लिहीत. माझ्या संसाराविषयी आजपर्यंत बरंच बोललं गेलंय, पण लेखी शेरा तेवढाच.

एवढ्या कडक बंदोबस्तात फक्त एक गोष्ट माझ्या हाती बिनसहीची आली. डिसेंबर होता, फरशी बर्फासारखी, आणि क्लासमध्ये नियम माझाच, म्हणून मी अनवाणी. आप्पांनी माझ्या पायांकडे बघितलं, घरी गेले आणि लोकरीचे मोजे घेऊन आले. मी सवयीनं पेन शोधू लागले. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." मला वाटलं, म्हातारपण, विसरले असतील.

गल्लीत आप्पांचा दरारा मोठा होता. भरघोस मिशा, ताठ कणा, पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी त्यांच्याच हाती. पोरं विचारत, "आप्पा, तुम्ही किती शत्रू मारले?" आप्पा मान वर करून सांगत, "ते सांगायची परवानगी न्हाई." मग तर पोरांची खात्रीच पटे की आकडा भयंकर असणार. माझीही पटली होती.

आता त्या राक्षसाच्या खेळाकडे येते. माझे यजमान श्रीकांत शिरवळच्या एका कारखान्यात होते. सकाळी कंपनीच्या बसनं जायचे, संध्याकाळी यायचे आणि जेवण झालं की क्लासचं मधलं यंत्र बळकावून बंदुका चालवायचे. मंगळावर की कुठल्याशा ग्रहावर राक्षस घुसलेत आणि आपण एकटे सैनिक. आपण स्वतः दिसत नाही. पडद्यावर फक्त आपले दोन हात आणि बंदूक दिसते, आणि समोर येईल त्याला उडवायचं. खेळाचं इंग्रजी नाव माझ्या कधी लक्षात राहिलं नाही. श्रीकांतनी तो संपवला आणि मग पुण्याहून त्याची 'पुरवणी' आणली. म्हणजे, मूळ खेळ लोकांना आवडला की तीच कंपनी त्याला एक जोड काढते. चार नव्या जागा, दोन नव्या बंदुका, थोडे नवे राक्षस. परीक्षेत मूळ पेपर भरला की दोऱ्यानं पुरवणी बांधतात तसंच ते प्रकरण. आणि परीक्षेतल्यासारखीच या पुरवणीतही बरीचशी भरताड होती. श्रीकांत चार दिवसांत वैतागले आणि पत्त्यांकडे वळले.

एका दुपारी, दोन ते चारच्या रिकाम्या वेळात, मी ती पुरवणी यंत्रावरून काढून टाकायला बसले होते. आप्पा बूट काढून, ते रांगेत लावून आत आले. पडद्यावर बंदूक धरलेले दोन हात बघितले आणि थबकले.

"ह्यो कोन?"

"तुम्हीच, आप्पा. खेळात आपणच असतो तो."

आप्पांनी आपले हात बघितले, पडद्यावरचे बघितले. "बाह्या दुमडल्यात," ते म्हणाले. "ड्यूटीवर बाह्या दुमडायच्या न्हाईत." आणि ते खुर्चीत बसले. तिथून पुढे सात महिने दुपारी दोनला ते त्याच खुर्चीत होते.

सुरुवातीला राक्षसांनी त्यांना फार छळलं. नाव विचारण्याची सवय मी मोठ्या मुश्किलीनं सोडवली. पण दुसरी सवय त्याहून अवघड निघाली. या खेळात काडतुसं, औषधाच्या पेट्या, चिलखतं असं सगळं बोळाबोळांत जमिनीवर पडलेलं असतं. वरून चालत गेलं की ते आपलं होतं. आप्पा पहिल्या पेटीपाशी पोहोचले आणि थांबले.

"हे कुनाचं?"

"आपलंच. घ्या."

"कुनी दिलं? सही कुटाय?"

शेवटी त्यांनी तोड काढली. कळफलकाशेजारी एक वही ठेवली आणि प्रत्येक पेटी उचलली की तीत लिहू लागले. 'काडतुसे, चाळीस. बोळात बेवारस आढळली. ताब्यात घेतली.' लिहिता लिहिता मागून राक्षस यायचा. मग मी त्यांना खेळ जागच्या जागी थांबवायचं बटण दाखवलं. आप्पांनी त्याचं नाव ठेवलं 'विश्राम'. त्यानंतर ते "विश्राम!" असं ओरडून बटण दाबत, शांतपणे नोंद करत, "सावधान!" म्हणत आणि पुढे जात. शेजारच्या यंत्रावर टायपिंग शिकणारी मुलगी पहिल्या आठवड्यात दोनदा उभी राहिली.

त्याच वहीत मागच्या बाजूनं त्यांनी पुरवणीचा तपासणी अहवाल लिहायला घेतला. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे गुण, उजवीकडे दोष. त्यातला काही भाग मला पाठ आहे. दोष क्रमांक एक, दारूगोळा उघड्यावर, पहारा नाही. दोष क्रमांक दोन, औषधपेट्या जमिनीवर, त्याही गटाराशेजारी. दोष क्रमांक चार, शत्रूला गणवेश नसल्याने हुद्दा कळत नाही, कुणाशी बोलणी करावीत हा प्रश्न पडतो. पाच आठवत नाही, काहीतरी दिव्यांबद्दल होतं. दोष क्रमांक सहा, सैनिकाला आतापर्यंतच्या मोहिमांत एकदाही जेवण नाही. गुणांच्या बाजूला बराच काळ एकच ओळ होती. 'बूट उत्तम.'

तो अहवाल वाचताना एक दिवस माझ्या डोक्यात प्रकाश पडला. राक्षस किती, कसे मारावेत, बंदुकीचा नेम कसा, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. सगळं काडतुसांबद्दल, पेट्यांबद्दल, बुटांबद्दल. मी हळूच विचारलं, "आप्पा, तुम्ही फौजेत नक्की कुठे होता?"

आप्पांनी खेळ विश्रामावर टाकला. मिशीवरून हात फिरवला.

"ष्टोरला," ते म्हणाले. "चोवीस वर्सं. खिडकीच्या ह्या अंगाला. बूट, मोजे, कांबळी, जर्शा."

"आणि शत्रू?"

"खिडकीवर आला न्हाई कवा."

मी हसले, तेही हसले. मग मिशी आवरून म्हणाले, "पोरांस्नी बोलू नका." मी आजपर्यंत बोलले नाही. आता ती पोरं मोठी झालीत, वाचतील तर वाचू देत.

मूळ खेळात सैनिक एकटा असतो, हे मघाशी सांगितलं. पुरवणीतली नवी गोष्ट म्हणजे तिच्यात एक जोडीदार दिला होता. शिरस्त्राण घातलेला कोवळ्या चेहऱ्याचा सैनिक, आपल्या मागून चालणारा. त्याला एकच वाक्य येत असे, "अ‍ॅमो, सर!" म्हणजे गोळ्या संपल्या, द्या. एक बटण दाबलं की आपल्याकडच्या गोळ्या त्याला जात. श्रीकांतचं मत असं, की हा जोडीदार म्हणजे पुरवणीतली सगळ्यात मोठी कटकट. गोळ्या वाया घालवतो, मध्ये येतो आणि दारांत अडकतो. हे मात्र खरं होतं. सामानाच्या खोल्यांची दारं आली की तो उंबऱ्यात रुतून बसे, आणि मग यंत्रात जपून ठेवलेली खेळाची मागची नोंद उघडून सगळं पुन्हा खेळावं लागे. आप्पांनीही ते टिपलं होतं. दोष क्रमांक सात, जवान दारात अडकतो. दार रुंद आहे, जवान बारीक आहे, अडकायचं कारण नाही.

पण बाकी आप्पा त्या जवानाशी जे वागत, ते बघून मी चाट पडले. शिडीला सही, विरजणाला सही, बेवारस काडतुसाला नोंद, आणि या पोरानं "अ‍ॅमो, सर!" म्हणायचा अवकाश की आप्पा बटण दाबत. विचारणं नाही, लिहिणं नाही. शेवटचं काडतूससुद्धा देऊन टाकत आणि स्वतः हातात लोखंडी पहार घेऊन राक्षसांवर जात. त्यात बहुतेक वेळा मरत.

"आप्पा, थोड्या स्वतःला ठेवा की!"

"त्यानं मागितलं न्हवं," आप्पा म्हणत.

असं करत, मरत, पुन्हा उठत आप्पा तिसऱ्या जागेच्या शेवटी पोहोचले. तिथे एक पूल होता. पुलावर पाऊल टाकलं की जवान आपल्याला मागे सारून पुढे धावतो, कसलासा मोठा स्फोट होतो, पूल कोसळतो आणि जवान जातो. करुण संगीत वाजतं. आपण पलीकडच्या काठावर आपोआप पोहोचतो आणि खेळ पुढे चालू.

आप्पा पुढे गेले नाहीत. त्यांनी मागची नोंद उघडली. या वेळी जवानाच्या आधी धावले. जवान गेला. पुलाच्या डाव्या कडेनं गेले. जवान गेला. त्याला आपलं चिलखत देऊन बघितलं. चिलखतासकट गेला. तीन आठवडे रोज दुपारी दोन ते चार तो पोरगा त्या पुलावर मरत होता आणि आप्पा त्याला परत आणत होते. शेवटी एका रविवारी श्रीकांतना राहवेना.

"आप्पा, तो मरायचाच आहे. कंपनीनं तसं लिहून ठेवलंय. तुम्ही काहीही करा."

आप्पा खुर्चीसकट वळले. "कुनी लिवलंय?"

"खेळ लिहिणाऱ्यांनी."

"सही कुटाय त्येची?"

श्रीकांत पिशवी घेऊन भाजी आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी कंपनीला पत्र घातलं. मजकूर त्यांचा, इंग्रजी माझं, पत्ता खेळाच्या डब्याच्या पाठीवरचा. विषय, जवानाच्या रजेबाबत. सदर जवान तीन मोहिमा विनारजा, विनाजेवण कामावर असून पुलाचे काम दुसऱ्या कुणासही सांगता येण्याजोगे आहे, तरी त्यास पुलाआधी दहा दिवसांची रजा मंजूर व्हावी. सोबत अहवाल जोडला आहे. मी ते सगळं गंभीर चेहऱ्यानं इंग्रजीत केलं. चार महिन्यांनी उत्तर आलं. गुळगुळीत कागदाचं रंगीत कार्ड, त्यावर राक्षसाचा फोटो आणि मजकूर असा की दुसरी पुरवणी लवकरच येत आहे. आप्पांनी ते उलटंपालटं करून बघितलं. "रजेबद्दल एक अक्षर न्हाई," ते म्हणाले. पण आवक क्रमांक घालून कार्ड वहीत लावून ठेवलं.

त्याच सुमाराला आप्पांची मुलगी सुमन आमच्या फोनवर वरचेवर फोन करू लागली. ती दिली होती सांगलीला, आमच्या विश्रामबागेतच, माझ्या माहेरापासून दोन गल्ल्या पलीकडे. आप्पांना मोतीबिंदू झाला होता आणि मधे एकदा ते न्हाणीघरात पडलेही होते. तिला त्यांना कायमचं सांगलीला न्यायचं होतं. आप्पा दर वेळी फोनवर एकच सांगत, "येतो. जरा काम हाय हितं."

एकदा सुमनताईंनी मलाच विचारलं, "वहिनी, आप्पांना तिथं कसलं काम आहे हो?"

आता मी काय सांगणार? तुमचे वडील मंगळावर एका पुलाशी अडकलेत म्हणून? "थोडं सरकारी आहे," मी म्हणाले.

अखेर तिनं सांगून टाकलं. रविवारी गाडी घेऊन येते, सामान बांधून ठेवा. त्यानंतर आप्पा सकाळीही येऊ लागले. चालू तासात, टायपिंगवाल्या मुलींच्या मधोमध बसून ते तो पूल ओलांडत आणि जवान मरत. मुली आपलं काम सोडून बघत. "आप्पा, ह्या वेळेला हळू जा!" असा सल्लाही येई. माझ्या क्लासचा त्या आठवड्यात पार बट्ट्याबोळ झाला, पण कुणालाही बाहेर काढावंसं वाटलं नाही. मलाही तो पोरगा वाचायला हवा होता, खोटं कशाला बोलू?

शनिवारी दुपारी आम्ही दोघंच होतो. आप्पांनी शेवटचा प्रयत्न म्हणून नोंद उघडली. पुलाच्या अलीकडे सामानाची एक खोली होती. तिथल्या पेट्या घेऊन बाहेर पडताना जवान सवयीप्रमाणे उंबऱ्यात अडकला. अर्धा आत, अर्धा बाहेर, पाय जागच्या जागी चालताहेत.

"पुन्हा उघडू?" मी हात पुढे केला.

"थांबा," आप्पा म्हणाले.

त्यांनी जवानाकडे बघितलं. खोलीकडे बघितलं. मग ते एकटेच वळले आणि चालत पुलापर्यंत गेले. पुलावर पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. खेळ जवानाची वाट बघत थोडा घुटमळला. मग स्फोट झाला, पूल कोसळला, करुण संगीतही वाजलं. पण पुलावर कुणीच नव्हतं. आप्पा अलीकडच्याच काठावर उभे होते. खेळाला पुढं काय करावं ते कळेना.

आप्पा धावत मागे आले. त्यांना त्या खेळात धावता येतं हे मला त्या दिवशी कळलं. जवान दारात होता. पाय चालू होते. आप्पा समोर उभे राहिल्यावर तो म्हणाला, "अ‍ॅमो, सर!"

आप्पांनी बटण दाबलं. होत्या नव्हत्या त्या सगळ्या गोळ्या दिल्या. मग "विश्राम" म्हणाले, पण नेहमीसारखं ओरडून नाही.

"पन आप्पा," मी म्हणाले. आनंदानं माझी भाषा साताऱ्याची झाली होती. "पूल गेला, आता पुढं जाता येणार नाही. खेळ इथंच संपला."

"कुटं जायचंय?" आप्पा म्हणाले. "ष्टोरला लागला त्यो. आत हाय. गार न्हाई, काय न्हाई."

मग आप्पा पडद्याकडे बघतच बोलू लागले.

"कोरेगावकडचा एक हुता. आसाच, मिसरूड न फुटल्याला. वर सरहद्दीकडं निगाला हुता गाडीनं. खिडकीवर आला, म्हनला, आप्पा, मोज्यांचा आनिक एक जोड द्या, लय गार हाय म्हनत्यात तिकडं. म्या म्हनलं, नियमात एकच बसतो. सायबाची सही आन. गाडीनं हारन दिला. सही आनायला टाइम कुटला? हसला. म्हनला, आल्यावर आनतो सही."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"त्येचं सामान माज्याच खिडकीत जमा झालं. म्याच लिवून घ्येतलं. मोजे, जोड एक." आप्पांनी चष्मा काढला. "मोज्यानं वाचला आसता आसं न्हाई, मास्तरीणबाय. गोळी लागली त्येला. पर जाताना पाय गार आसतील न्हवं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आप्पांनी मला खिशातला रुमाल दिला. वही पुढे केली नाही.

मग त्यांनी ती वही ओढली आणि मागचं पान काढलं. उजवीकडचा दोष क्रमांक सात पट्टी लावून खोडला. डावीकडे 'बूट उत्तम'च्या खाली, दोष होता त्याच अक्षरांत लिहिलं, 'गुण क्रमांक दोन. जवान दारात अडकतो.' खाली सही केली, बोळातून काडतुसांच्या दोन पेट्या उचलून आणल्या आणि जवानासमोर उभं राहून खेळाची नोंद त्या जागी कायम केली.

रविवारी सुमनताईंची गाडी आली. सामान चढलं, गल्ली जमली, पोरांनी सलाम ठोकले. आप्पा मात्र बूट काढून माझ्या क्लासमध्ये शिरले आणि मला रीतसर कामाचा ताबा दिला. शिडी एक, वहीसह. विरजण एक वाटी, घट्ट. मधलं यंत्र, त्यातली नोंद, जवान एक, ठिकाण सामानाच्या खोलीचं दार. मी तीन ठिकाणी सह्या केल्या. आप्पांनी त्या चष्मा लावून तपासल्या आणि म्हणाले, "जरा तिरक्या हायत. चालंल."

शिडी मी आता सहीशिवायच देते, त्यामुळे ती कुणाकडे आहे हे मला कधीच ठाऊक नसतं. दही माझं अजून पातळच लागतं. पण दुपारी क्लास रिकामा झाला की मी मधल्या यंत्रावर ती नोंद उघडते. तो दारातच असतो. मी समोर उभी राहिले की मागतो, मी देते आणि काही न नोंदता खेळ बंद करते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी साठा पुन्हा होता तेवढाच असतो. चोवीस वर्षांत आप्पांना असं ष्टोर मिळालं नसेल.

आप्पांचा विश्रामबागेतून रविवारी फोन यायचा. मोतीबिंदू निघाला, नातीचे बूट रांगेत राहत नाहीत, सांगलीला उकडतं लय, असं सगळं बोलून व्हायचं. मग ते घसा खाकरायचे. मला ठाऊक असायचं की आता विचारणार.

"मागतोय का त्यो?"

"मागतो की, आप्पा. रोज मागतो."

"देताय न्हवं?"

"देते."

"द्या," आप्पा म्हणायचे. "सही घ्येऊ नका त्येची."